जीवव्रत

एप्रिल सरत आला तसं पॉलिहाऊसमध्ये दहा वाजल्यानंतर बसवेना. वरून प्लास्टिक तापायचं, खालून ओली माती वाफ सोडायची, आणि मधे माणूस भाकरीसारखा शेकून निघायचा. सुलेखा चाकांच्या बुटक्या बैठकीवर बसून, सरकत सरकत, कोमात्सुनाची रोपं उपटत होती. पालकासारखी दिसणारी, मोहरीच्या चवीची ही भाजी. मुळाशी धरायचं, हिसका न देता ओढायचं, माती झटकायची, खालचं पिवळं पान काढायचं आणि मूठ भरली की जुडी बांधायची. सासवडजवळच्या माहेरी मेथीच्या जुड्या बांधत ती लहानाची मोठी झाली होती, त्यामुळे हाताला हे काम नवं नव्हतं. नवी होती ती फक्त बोलायची भाषा.

जपानमधल्या निशी-कसाईतल्या फ्लॅटपासून सायकलवर वीसेक मिनिटांत हा मळा लागायचा. मळा म्हणजे इमारतींच्या मधे अडकलेली पॉलिहाऊसं, पाण्याचा हौद, शेड आणि त्याला लागून घर. सेकिने आजी आणि त्यांची सून मिसाकी, दोघी मिळून तो चालवायच्या. मिसाकीचा नवरा सकाळी बाजारात माल पोचवून दुसऱ्या नोकरीवर जायचा. सुलेखा दोन वर्षांपासून इथे अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ कामाला होती. घराबाहेर तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच एक होतं.

त्या दिवशी मिसाकी पलीकडच्या सरीतून उठली, कमरेला हात देऊन उभी राहिली आणि हसली. जपानी जिभेवर सुलेखाची सुरेका-सान व्हायची. "सुरेका-सान, तुम्हाला सांगायचं होतं. मला दिवस गेलेत. तिसरा महिना आहे."

सुलेखाने जुडी खाली ठेवून तिचे दोन्ही हात धरले. मातीने भरलेले हात. दोघीही हसल्या.

मग मिसाकी जरा चाचरत म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, माझ्या रक्तात रुबेलाविरुद्धची ताकद कमी आहे. लहानपणी एकदाच टोचलं होतं. आता पोटुशी असताना टोचता येत नाही. म्हणून सगळ्यांना विचारतेय. तुमच्या घरी सगळ्यांनी लस घेतलीय ना? केतकी-चाननेही?"

सुलेखाला प्रश्न कळला. एकेक शब्द कळला. योबो-सेश्शु म्हणजे लस, शाळेच्या मीटिंगमध्ये तिने तो शब्द इतक्यांदा ऐकला होता की झोपेतही कळला असता.

"हाय," ती म्हणाली. "दाइजोबु देस." होय, काळजी नको.

"बरं झालं," मिसाकी म्हणाली आणि पुन्हा सरीत बसली.

तिच्या लेकीला, केतकीला, एकही लस टोचलेली नव्हती.

ते असं होतं, की सुलेखाचा नवरा अंबरीष याच्या घराण्यात जीवव्रत होतं. कुठल्याही जीवाचं काहीही आपल्या देहात जाऊ द्यायचं नाही. मांस-मासे सोडाच, अंडं नाही, मध नाही. अंबरीष हे व्रत दाखवण्यासाठी पाळणारा नव्हता. इतकी वर्षं जपानात सॉफ्टवेअरचं काम करताना ऑफिसच्या पार्ट्यांत तो नुसता भात आणि लोणचं खाऊन उठला होता. दुकानात प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचायचा, बोनिटो माशाचा अर्क कुठे लपलाय ते शोधायचा, आणि सापडला की पाकीट परत जागच्या जागी, सरळ करून ठेवायचा. खोलीत कोळी दिसला तर कागदावर घेऊन बाल्कनीत सोडायचा. आवाज चढवून बोलल्याचं सुलेखाला आठवत नव्हतं.

केतकी झाली तेव्हा त्याने लशी कशा बनतात ते वाचून काढलं. कुठली कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात, कुठलीत जनावराचं काय पडतं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मला हे जमणार नाही, सुलेखा. तिच्या अंगात दुसऱ्या जीवाचा अंश मी घालू शकत नाही. तुला काय वाटतं?"

त्याने विचारलं होतं, हे खरं. सुलेखाच्या माहेरी असलं काही नव्हतं. तिच्या दंडावर लशींचे वण होते, शाळेत रांगेत उभं राहून टोचून घेतल्याचे. तिला मनातून वाटत होतं की टोचावं. पण सासूबाई समोर होत्या, बाळंतपणाने अंग ढिलं पडलेलं होतं, आणि ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

मग पुढे सगळं तसंच गेलं. वॉर्ड ऑफिसकडून लशीच्या कागदांची पाकिटं येत, ती कपाटात जात. केतकीच्या इंडियन शाळेने लशींची माहिती मागितली तेव्हा अंबरीषने धार्मिक कारण लिहून दिलं. मुख्याध्यापिकेने ते मान्य केलं, एवढंच म्हणाली की साथ आली तर मुलीला घरी ठेवावं लागेल. "सदसद्विवेकाचा मान ठेवणारी शाळा आहे," अंबरीष बाहेर पडताना म्हणाला. सुलेखानेही खाली सही केली होती. केतकीच्या वर्गमैत्रिणीच्या आईने, सोनलने, मात्र त्यानंतर वाढदिवसाला बोलावलं नाही. नंतर समोर आली तर म्हणे, "अगं, माझा धाकटा अजून तान्हा आहे ना." ते सुलेखाच्या जिव्हारी लागलं होतं. पुन्हा कुणाला हे सांगायचं, तेही मोडक्या जपानीत, आणि वर मळ्यावरचं काम जायचं, या नुसत्या विचाराने त्या दिवशी तिच्या तोंडून हाय निघून गेलं होतं.

मेच्या सुरुवातीला सलग सुट्ट्या आल्या. शाळा बंद, आणि अंबरीषला नेमकं ऑफिसात बसून नवी सिस्टिम चालू करायची होती. सुलेखा म्हणाली, "मी रजा मागते."

सेकिने आजी फोनवर म्हणाल्या, "रजा कशाला? पोरीला घेऊन ये. माल खूप निघालाय, आम्ही दोघी पुऱ्या पडत नाही."

सुलेखाने क्षणभर विचार केला. केतकी ठणठणीत होती, नुसती उड्या मारत होती. नेलं.

केतकी मळ्यात रमली. ती जपानीत घडाघडा बोलायची, त्यामुळे आईपेक्षा तिचंच मिसाकीशी जास्त जमलं. जुड्यांना निळी पट्टी चिकटवायचं काम तिला मिळालं. दुपारी शेडमध्ये तिघी भाताचे गोळे खात बसल्या, तेव्हा केतकी मिसाकीला अगदी टेकून बसली आणि तिच्या पोटाला कान लावून म्हणाली, "काही ऐकू येत नाही."

"अजून लहान आहे," मिसाकी म्हणाली. "थोडे दिवस थांब." आणि तिने केतकीचे घामाने चिकटलेले केस कपाळावरून मागे सारले. केतकी तिथेच, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. सुलेखा समोर बसून डब्याला झाकण लावत होती. उठवावं असं तिला वाटलं. उठवलं नाही. काय म्हणून उठवणार होती?

सुट्ट्या संपल्या आणि केतकीच्या कानामागे, मग चेहऱ्यावर, बारीक गुलाबी पुरळ उठलं. ताप म्हणावा तर अंग नुसतं कोमट. मानेवर मात्र गाठी लागत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी दोघींना मागच्या दाराने आत घेतलं, वेगळ्या खोलीत बसवलं. लशींची वही मागितली, ती कोरी पाहिली. रक्त तपासायला पाठवलं. पाठवतानाच म्हणाले, "फूशिन दिसतोय. रुबेला. मुलीला काही व्हायचं नाही, तीन दिवसांत बरी होईल. घरात किंवा ओळखीत कुणी गरोदर बाई आहे?"

सुलेखाने कोरी वही उचलून पिशवीत घातली. "घरात नाही," ती म्हणाली.

रक्ताचा निकाल आल्यावर आरोग्य केंद्रातून एका बाईंचा फोन आला. मुलगी गेल्या आठवड्यात कुठे कुठे गेली होती? सुलेखाने सांगितलं, घरी, बागेत, दुकानात. मळ्याचं नाव ओठांशी आलं आणि परत गेलं. आजींना तिने कळवलं होतं की केतकीला सर्दी आहे, दोन-चार दिवस येत नाही. आजींनी त्यावर एक लिंबू-मधाची बाटली दारात ठेवून दिली होती. ती बाटली ओट्यावर तशीच होती, मधामुळे या घरात न चालणारी.

अंबरीष फोन चालू असतानाच घरात आला होता. बूट काढता काढता त्याने ऐकलं. "मळ्यावर नेलं होतंस ना तिला?" त्याने विचारलं. "ते का नाही सांगितलंस?"

सुलेखा सिंकपाशी पाठमोरी उभी राहिली.

"सुलेखा, काय झालंय?"

"मिसाकी-सानना चौथा महिना आहे."

अंबरीष खाली बसला, तिथेच, चपलांच्या फळीवर. रुबेला म्हणजे काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं, सगळं वाचलेलं होतं. "मग तू इथे काय करतेयस?" तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता जायला हवं. चल, मीही येतो."

"तुम्ही केतकीपाशी थांबा," ती म्हणाली. "मी जाते."

सायकल मारताना तिने वाक्यं जुळवली. मला प्रश्न कळला होता. मी खोटं बोलले. जपानीत ती दोन वाक्यं फार सोपी होती, लहान मुलाने म्हणावीत इतकी.

शेडमध्ये दोघी जुड्या पेटीत भरत होत्या. सुलेखा दारातच, लांब उभी राहिली. केतकीला रुबेला झालाय, तिला लस दिलेली नव्हती, आमच्या घरच्या धर्मात ती चालत नाही, एवढं तिने सांगितलं. मिसाकीचा हात आपसूक पोटावर गेला. पेटीवरचं पाणी टप टप खाली पडत होतं.

"पण तुम्ही म्हणाला होतात..." मिसाकी म्हणाली.

सुलेखाने तोंड उघडलं. तेवढ्यात आजीच बोलल्या. "अगं, तिला शब्द कळला नसेल. आपण भराभरा बोलतो. योबो-सेश्शु वगैरे. तिने आपलं हाय म्हटलं असेल. हो ना, सुरेका-सान? कळलं नव्हतं ना?"

आजींच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. सुलेखा मान खाली घालून उभी राहिली. मग तिने ती मान हलवली, होकारार्थी.

मिसाकी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. रक्त घेतलं, काही आठवड्यांनी परत घेतलं. दुसऱ्या वेळी आकडा वर गेला होता. लागण झाली होती. अंगावर काही उठलं नाही, ताप आला नाही, पण झाली होती. डॉक्टर म्हणाले, बाळाला काही होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही. कानाला, डोळ्यांना, हृदयाला होऊ शकतं. नवरा-बायकोने काय बोलणी केली ते सुलेखाला कळलं नाही. आजींनी एवढंच सांगितलं, "ती ठेवतेय."

सुलेखाला कामावरून कुणी काढलं नाही. केतकी बरी झाल्यावर आजींनीच फोन केला. पण आता तिच्याशी सगळे सावकाश बोलू लागले. "ही. पेटी. तिकडे. ठेव. कळलं?" बाजारातून आलेल्या माणसालासुद्धा आजी सांगायच्या, हिच्याशी हळू बोला, हिला कळत नाही. सुलेखा सगळं ऐकायची आणि मान हलवायची. कधी कधी तर न कळल्यासारखं करून तीच गोष्ट पुन्हा विचारायची. पहिल्यांदा असं केलं तेव्हा तिची तिलाच शिसारी आली. नंतर सवय झाली.

ऑगस्टमध्ये ऊन असं तापलं की उजाडायच्या आत काम उरकावं लागे. मिसाकी पोट सांभाळत शेडमध्ये पंख्यासमोर बसायची आणि पानं निवडायची. तिचे पाय सुजले होते. सुलेखाने एकदा बर्फाच्या पाण्यात टॉवेल पिळून तिच्या घोट्यांना गुंडाळला. मिसाकीने गुंडाळू दिला. "आरिगातो," म्हणाली, सावकाश, एकेक अक्षर सोडत.

अंबरीषने गावी, घराण्याच्या गुरुमाउलींकडे फोन लावला. बराच वेळ ऐकत होता. फोन ठेवल्यावर सुलेखाने विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, व्रताला बाधा येऊ देऊ नका. आणि त्या बाईसाठी प्रार्थना करा." तो खिडकीपाशी गेला. समोरच्या उंच रुळांवरून तोझाई लाइनची गाडी गेली. "मी सगळं आयुष्य मुंगी वाचवत चाललो. आणि जीव कुठे दुखवला तर थेट पोटातला." मग तो म्हणाला, "व्रत माझं होतं, सुलेखा. केतकीचं मी परस्पर ठरवलं. तिला कुणी विचारलंच नाही."

पुढच्या शनिवारी तो स्वतः केतकीला घेऊन दवाखान्यात गेला. गोवराची लस राहिली होती, बाकीच्याही सगळ्या राहिल्या होत्या. केतकीने हात पुढे केला, "इताइ", दुखतंय, म्हणून ओरडली आणि लगेच स्टिकर मागू लागली. अंबरीष तिचा दुसरा हात धरून डोळे मिटून बसला होता. घरी आल्यावर त्याने आंघोळ केली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. "हे पाप असेल तर माझ्या नावावर," तो म्हणाला, "तिच्या नाही."

सुलेखाने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. तिला त्याचा हेवा वाटला. हा माणूस आपलं ओझं ओळखतो, उचलतो, कुठे ठेवायचं तेही त्याला कळतं. तिचं तर अजून कुणाला दिसलंही नव्हतं. त्यालासुद्धा नाही. तोही आजींसारखंच समजून होता, की तिला शब्द कळला नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटी मिसाकीला मुलगी झाली. डोळे स्वच्छ, हृदय चांगलं. कानांची तपासणी झाली, परत झाली, मोठ्या इस्पितळात तिसऱ्यांदा झाली. उजव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, डाव्याने थोडं. आजींनी हे हौदापाशी मुळं धुताना सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी हातातली जुडी दोनदा पाण्यात खळबळली, ती आधीच स्वच्छ होती तरी.

डिसेंबरात मिसाकी पहिल्यांदा बाळाला घेऊन शेडमध्ये आली. बाळ छातीशी बांधलेलं, टोपीतून नुसतं नाक दिसत होतं. सकाळी दवबर्फ पडला होता. आजी पॉलिहाऊसमध्ये होत्या. सुलेखा पाण्यात हात घालून बसली होती, बोटं लाल होऊन बधिर झालेली. मिसाकी तिच्यासमोर उलट्या पेटीवर बसली.

"सुरेका-सान," ती म्हणाली, सावकाश, सोपे शब्द निवडत. "तुम्ही. स्वतःला. त्रास. करून घेऊ नका. चूक माझी होती. मी त्या दिवशी घाईत विचारलं. नीट, सोप्या शब्दांत विचारायला हवं होतं. तुम्ही परदेशी आहात हे माझ्या लक्षात राहायला हवं होतं."

सुलेखाने तिच्याकडे पाहिलं. मिसाकीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, ओठ फुटले होते. ती हे तोंडदेखलं बोलत नव्हती. खरंच तसं मानत होती.

सुलेखाने हात पाण्यातून काढले आणि एप्रनला पुसले. "मला कळला होता," ती म्हणाली.

"काय?"

"तो शब्द. योबो-सेश्शु. तुम्ही नीटच विचारलं होतं. मला सगळं कळलं होतं. केतकीला लस दिलेली नाही हे मला माहीत होतं, आणि मी हाय म्हटलं. नंतर आजींनी विचारलं, तेव्हाही मी खोटीच मान हलवली."

तिचं जपानी एकदाही अडखळलं नाही.

बाळाने टोपीत मान वळवली, तशी मिसाकीने न बघता टोपी सारखी केली. ती ओरडेल, उठेल, काहीतरी फेकेल असं सुलेखाला वाटलं. तसं व्हावं असंही वाटलं.

"मी रोज शोधत होते," मिसाकी शेवटी म्हणाली. आता ती सावकाश बोलत नव्हती. "बाळाला दूध पाजताना, कपडे वाळत घालताना. कुठला शब्द वापरला असता तर तुम्हाला कळलं असतं. किती शब्द शोधले मी. तेवढे महिने तुम्ही इथे, माझ्यासमोर बसून जुड्या बांधत होतात."

सुलेखा गुडघ्यांवर आली, सिमेंटच्या ओल्या जमिनीवर कपाळ टेकवलं.

"उठा," मिसाकी म्हणाली. "ते मला बघायचं नाही." ती बाळाला दोन्ही हातांनी धरून घराकडे गेली. दार लावल्याचा आवाज आला.

सुलेखा उठली. उरलेल्या जुड्यांची मुळं धुतली, पेट्या भरल्या. पॉलिहाऊसमध्ये जाऊन तिने आजींनाही सांगितलं, तेच, तितकंच. आजी ऐकत राहिल्या. मग पाठ वळवून त्यांनी उपटायला घेतलं. "उद्याचं उद्या बघू," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर तिने अंबरीषला सांगितलं. तो डबा धूत होता. नळ बंद करून तो तसाच उभा राहिला. "माझ्या व्रतापायी तुला खोटं बोलावं लागलं," तो म्हणाला. "हेही माझंच..."

"नाही," सुलेखा म्हणाली. "तुम्ही मला विचारलं होतंत, केतकी झाली तेव्हा. मी खरं बोलले नाही. मिसाकीने विचारलं, तिथेही नाही. तुमचं तुम्ही उचललंत. हे माझं राहू द्या."

अंबरीषने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने नळ पुन्हा सोडला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला मळ्यावर गेली. कामावरून काढलं तर घरी परतायचं, एवढं ठरवून गेली होती. शेडचं दार आतून लावलेलं होतं. आतून आजींचा आणि मिसाकीचा बोलण्याचा आवाज येत होता, आणि मधेच बाळाचा. बाहेर हौदाजवळ, वाऱ्याच्या तोंडाला, एक पेटी उपडी ठेवली होती आणि तिच्याशेजारी धुवायच्या भाजीचा ढीग. कुणी ठेवला ते दिसलं नाही.

सुलेखाने सायकलला कुलूप लावलं. हातमोजे पिशवीतच राहू दिले. पेटीवर बसली, हौदावर धरलेली बर्फाची पातळ कपची बोटांनी फोडली आणि पहिली जुडी पाण्यात घातली.